नगर-प्रदेश नियोजन : संकल्पना आणि मुंबई परिसरातील इतिहास

नगर आणि त्याच्या सभोवारचा प्रदेश हे परस्परावलंबी असे एकच एकक मानून त्यातील भूमी, पाणी, वाहतूक, उद्योग, शेती व वसाहती यांच्या विकासाची एकत्रित आखणी करण्याच्या पद्धतीस नगर-प्रदेश नियोजन असे म्हणतात. नगररचनेचे कार्यक्षेत्र सामान्यतः नगरपालिकेच्या हद्दीपाशी संपते. नगराचे जीवन मात्र त्या हद्दीत मावत नाही. नगराला लागणारे पाणी, भाजीपाला, दूध, दगड, वाळू व मनुष्यबळ हद्दीबाहेरून येते. त्याचे सांडपाणी, कचरा, घरांची मागणी आणि जमिनीच्या चढत्या किंमती हद्दीबाहेर पसरतात. ही देवघेव ध्यानी घेऊन योजना आखाव्यात, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात नियोजकांनी सभोवारच्या प्रदेशाकडे बहुधा नगराची गरज भागविणारी राखीव जागा म्हणूनच पाहिले. मुंबई आणि तिचा परिसर यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हे या दृष्टिकोनाचे, तसेच त्याच्या पुनर्विचाराचे, बोलके उदाहरण आहे.

संकल्पनेचा उगम : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमधील शहरे झपाट्याने वाढली आणि त्यांत दाट, रोगट वस्त्या निर्माण झाल्या. यावर उपाय म्हणून एबनीझर हॉवर्ड (१८५०–१९२८) यांनी १८९८ मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली. सहा हजार एकर जमिनीपैकी एक हजार एकरांवर सु. ३२,००० वस्तीचे नगर आणि उरलेल्या भूमीवर कायम स्वरूपाची शेती, अशी त्यांची आखणी होती. जमिनीची मालकी सामुदायिक असावी आणि नगराच्या वाढीमुळे तिचे जे मूल्य वाढेल ते रहिवाशांच्याच उपयोगी पडावे, हे या कल्पनेचे आर्थिक सूत्र होते. लेचवर्थ (१९०३) व वेल्विन (१९२०) ही नगरे या कल्पनेतून उभी राहिली. पुढे अनेक देशांनी हॉवर्ड यांच्या आराखड्यातील बागा आणि हरितपट्टा उचलला. आर्थिक सूत्र मात्र फार थोड्या ठिकाणी स्वीकारले गेले.

स्कॉटलंडमधील जीवशास्त्रज्ञ व नगरविचारवंत पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) यांनी या विचारास शास्त्रीय बैठक दिली. डोंगरमाथ्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंतच्या नदीखोऱ्याचा उभा छेद काढून त्यात खाणकामगार, लाकूडतोडे, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी व मच्छीमार यांचे व्यवसाय भूमीच्या स्वरूपाशी कसे निगडित असतात, हे ते दाखवीत. नगर हे या संपूर्ण खोऱ्याचे अपत्य असते. म्हणून खोऱ्याची पाहणी केल्यावाचून नगराची योजना आखणे म्हणजे रोगनिदानापूर्वी औषध देणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकमेकांत मिसळत गेलेल्या नगरसमूहाला इंग्रजीत रूढ झालेली संज्ञाही त्यांनीच १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वापरली. गेडीस १९१४ मध्ये भारतात आले व त्यांनी देशातील सु. पन्नास शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक होते. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी आवश्यक तेवढीच काटछाट करावी, विहिरी व तळी बुजवू नयेत आणि रहिवाशांच्या सहकार्याने सुधारणा कराव्यात, हे त्यांच्या अहवालांतील सूत्र होते.

अमेरिकेत १९२३ मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक नियोजन मंडळाने गेडीस यांचे विचार पुढे नेले. लूइस ममफर्ड (१८९५–१९९०) हे त्याचे प्रमुख भाष्यकार होत. न्यूयॉर्क व परिसरासाठी १९२९ मध्ये तयार झालेल्या प्रादेशिक आराखड्यावर त्यांनी कठोर टीका केली. हा आराखडा प्रदेशाचा विचार करीत असल्याचे दाखवितो. वस्तुतः तो महानगराची वाढ गृहीत धरून तिला जागा करून देतो, असा त्यांचा आक्षेप होता. ब्रिटनमध्ये पॅट्रिक ॲबरक्राँबी यांचा बृहत् लंडन आराखडा (१९४४) आणि त्यानंतरचा नवनगर अधिनियम (१९४६) यांनी हरितपट्ट्यापलीकडे स्वयंपूर्ण नगरे वसविण्याचे धोरण शासकीय पातळीवर आणले. भारतातील स्वातंत्र्योत्तर नियोजनावर या ब्रिटिश प्रयोगाची छाप मोठी आहे.

नगरहद्दीतील नियोजन : मुंबईत आधुनिक नियोजनाचा आरंभ प्लेगच्या साथीतून झाला. १८९६ मध्ये उद्भवलेल्या या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई नगरसुधार मंडळ (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. दाट वस्त्यांतून हवेशीर रस्ते काढणे आणि बेटाच्या उत्तर भागात दादर, माटुंगा यांसारख्या नव्या वसाहती उभारणे, हे त्याचे प्रमुख कार्य होते. मुंबई नगररचना अधिनियम (१९१५) हा भारतातील या विषयावरील पहिला कायदा होय. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांसाठी काही भाग वगळून, उरलेले भूखंड नीट आकारात मूळ मालकांना परत देण्याची तरतूद त्यात होती. वांद्रे, सांताक्रुझ, विलेपार्ले इ. उपनगरांचा विकास अशा नगररचना योजनांतून झाला.

या सर्व प्रयत्नांचे क्षेत्र बेट आणि त्याला लागून असलेली उपनगरे एवढेच होते. मात्र मुंबईने आपली हद्द इतर मार्गांनी आधीच ओलांडली होती. १८५३ मध्ये सुरू झालेली मुंबई-ठाणे लोहमार्गाची वाहतूक पुढे कल्याणमार्गे घाटावर पोहोचली. पाण्यासाठी साष्टीतील विहार (१८६०) व तुळशी (१८७९) ही तळी अपुरी पडू लागताच ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील तानसा नदीवर धरण बांधण्यात आले (१८९२). म्हणजे महानगराचा प्रदेश प्रत्यक्षात निर्माण झाला होता, परंतु त्याचा नकाशा कोणत्याही नियोजकापाशी नव्हता.

हद्दीपलीकडील दृष्टी : फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे मुंबईवरील ताण एकाएकी वाढला. १९४८ मध्ये महापालिकेचे अभियंते एन्. व्ही. मोडक आणि अमेरिकन नियोजक अल्बर्ट मायर यांनी बृहन्मुंबईसाठी एक रूपरेषा सादर केली. बेटावरील गर्दी कमी करावी, उपनगरांची आखीव वाढ करावी आणि त्यांपलीकडे उपग्रह नगरे वसवावीत, असे तीत सुचविले होते. महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये उत्तरेकडे वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५४ च्या नगररचना अधिनियमाने संपूर्ण पालिकाक्षेत्राचा विकास आराखडा करणे आवश्यक ठरविले. परंतु तोही पालिकेच्या सीमेवर थांबत असे.

ही मर्यादा ओलांडण्याचे काम दोन समित्यांनी केले. १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पूर्वेकडील मुख्य भूमीवर नवी वस्ती करण्याची शिफारस केली. १९६५ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई-पनवेल व पुणे या प्रदेशांसाठी समिती नेमण्यात आली. उद्योगांचे योजनाबद्ध विकेंद्रीकरण करावे आणि मुख्य भूमीवर एकच अवाढव्य शहर न उभारता सु. अडीच लाखांपर्यंत लोकसंख्येच्या अनेक वसाहती वसवाव्यात, असे या समितीने सुचविले. प्रादेशिक योजनांसाठी स्वतंत्र कायदा असावा, या विचारातून महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम (१९६६) अस्तित्वात आला व १९६७ च्या जानेवारीत तो अंमलात आला. नगर आणि प्रदेश हे दोन शब्द महाराष्ट्राच्या कायद्यात प्रथमच एकत्र आले.

याच सुमारास, १९६५ मध्ये, मार्ग या नियतकालिकात वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर उभारण्याची कल्पना मांडली. मुंबई उत्तर-दक्षिण अशा एकाच अरुंद पट्टीत वाढत असून कचेऱ्या दक्षिण टोकाला व घरे उत्तरेस, अशी तिची विषम रचना झाली आहे. वाढीची दिशा पूर्वेकडे वळविल्यास ही रचना पालटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश अधिसूचित झाला आणि १९७० च्या प्रारूप प्रादेशिक योजनेने जुळ्या शहराची कल्पना स्वीकारली. ही योजना १९७३ मध्ये मंजूर झाली.

नवी मुंबई : शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना १९७० च्या मार्च महिन्यात झाली. तत्कालीन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गावांची सु. ३४४ चौ. किमी. भूमी नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आली. शेतीच्या दराने जमीन घ्यावयाची, तिचा विकास करून वाढीव दराने ती विकावयाची आणि त्या उत्पन्नातून पुढील बांधकाम करावयाचे, असे अर्थसूत्र ठरले. सु. २१ लाख लोकसंख्येचे हे शहर मुंबईकडे येणारा लोंढा व कचेऱ्या स्वतःकडे ओढून घेईल, अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा अंशतःच पूर्ण झाली. ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये खुला झाला. परंतु लोहमार्ग वाशीपर्यंत येण्यास १९९२ साल उजाडले. शासनाचे मुख्यालय दक्षिण मुंबईतच राहिले. नव्या शहराची आखणी चालू असतानाच नरीमन पॉइंट येथे समुद्रात भराव घालून कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहत होत्या, आणि १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या रूपाने साष्टी बेटावरच दुसरे व्यापारी केंद्र आकार घेऊ लागले. एका हाताने विकेंद्रीकरण आणि दुसऱ्या हाताने केंद्रीकरण, अशी ही स्थिती होती. असे असले, तरी घाऊक बाजारपेठांचे स्थलांतर, न्हावा-शेवा येथील बंदर (१९८९) आणि लोहमार्ग यांमुळे शहर रुजले. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाखांवर पोहोचली होती. हे क्षेत्र मूळ नियोजित शहराचा केवळ उत्तरेकडील भाग होय.

ग्रामस्थ आणि भूमी : नियोजनाच्या नकाशावर खाडीपलीकडील भूमी बहुतांशी मोकळी दिसत होती. प्रत्यक्षात तेथे आगरी, कोळी व इतर समाजांची जुनी गावे होती. भरतीचे पाणी बांध घालून अडवून केलेली भातशेती, मिठागरे, खाडीतील मासेमारी आणि खारफुटीच्या आसऱ्याने होणारी मत्स्योत्पत्ती, असे त्यांचे परस्परांत गुंतलेले अर्थकारण होते. भूसंपादनाचा मोबदला शेताच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्यास मिळे. मिठागरातील मजूर, कूळ, खाडीवर जगणारा कोळी यांची उपजीविका मात्र कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेली नसल्याने तिची किंमत धरली गेली नाही. गावठाणांभोवतीची सर्व जमीन संपादनाखाली आल्याने कुटुंबे वाढली, तरी घरे वाढविण्यास कायदेशीर वाव राहिला नाही. त्यातूनच गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न उद्भवला.

हा असंतोष १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरातील आंदोलनात प्रकट झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या आंदोलनात १६ व १७ जानेवारी रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण १९९० मध्ये स्वीकारण्यात आले, त्याची पार्श्वभूमी ही होय. जमिनीच्या वाढत्या मूल्यात तिच्या मूळ धारकाचाही वाटा असतो, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. हॉवर्ड यांच्या मूळ कल्पनेतील जो भाग नियोजकांनी वगळला होता, तोच भाग ग्रामस्थांनी आंदोलनाच्या मार्गाने परत आणला, असे म्हणता येईल.

वसईच्या बागायती पट्ट्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस नागरीकरणास मोकळीक देण्याविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. विहिरींचे पाणी व बागायत टिकविणे हा त्याचा गाभा होता. २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनाविषयी जनमत अजमावण्यात आले, तेव्हा हेटवणे धरणाचे पाणी शेतीला मिळावे ही मागणी पुढे आली. या गावांचा विरोध विकासाला होता असे सरसकट म्हणता येत नाही; आपल्या भूमीचे भवितव्य परस्पर ठरविले जाण्यास तो होता. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नवी मुंबई विमानतळ प्रभावक्षेत्रात (नैना) सरसकट भूसंपादनाऐवजी १९१५ च्या कायद्यातील नगररचना योजनेचे तत्त्व पुन्हा अवलंबिले गेले. त्यात मूळ धारकास ४० टक्के विकसित भूखंड देण्याची तरतूद आहे. त्यालाही अनेक गावांनी हरकती घेतल्या, यावरून हा प्रश्न केवळ टक्केवारीचा नाही हे स्पष्ट होते.

पाणी व नदीखोरी : प्रदेश हे एक जैविक एकक आहे, हे गेडीस यांचे प्रतिपादन पाण्याच्या बाबतीत सर्वाधिक प्रत्ययास येते. तानसानंतर वैतरणा व भातसा या नद्यांवरील धरणे मुंबईच्या उपयोगी आली. वैतरणेवरील एका जलाशयास मोडक यांचे नाव देण्यात आले आहे. शहापूर तालुक्यात यांपैकी अनेक जलाशय आहेत. तथापि त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. प्रदेशातील साधनसंपत्तीचा हिशेब केवळ नगराच्या मागणीवरून मांडला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. मिठी नदीच्या पात्रात व काठी झालेले भराव, बांधकामे व वस्ती यांमुळे पाण्याचा निचरा होऊ शकला नाही. त्याच दिवशी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर व कल्याण परिसरात हाहाकार उडविला. उल्हास नदी कर्जतपासून वसईच्या खाडीपर्यंत अनेक नगरपालिका, महानगरपालिका व ग्रामपंचायतींच्या हद्दींतून वाहते. वरच्या भागातील डोंगरउतार उघडे पडले अथवा पूरक्षेत्रात भराव पडले, तर त्याचे परिणाम खालच्या शहरास भोगावे लागतात. त्या शहराच्या विकास आराखड्यात मात्र वरच्या भागाचा समावेश नसतो. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात एक रेल्वेगाडी अडकून पडली, तेव्हा या प्रश्नाची पुन्हा आठवण झाली.

संस्था व कायदेशीर तरतुदी : १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्रादेशिक समन्वय हे त्याचे मूळ प्रयोजन होते. पुढे मात्र पूल, मेट्रो, व्यापारी संकुले इ. प्रकल्प उभारणे हेच त्याचे ठळक काम बनले. दुसरी प्रादेशिक योजना (१९९६–२०११) १९९९ मध्ये मंजूर झाली. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणास अनुसरून तिने वाढीवर बंधने घालण्याचा पूर्वीचा आग्रह सोडला. २०१६–३६ या कालावधीची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. दरम्यान प्रदेशाची व्याप्तीही वाढून सु. ६,३०० चौ. किमी. झाली.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) दहा लाख व त्यांहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यामधून निवडावयाचे असतात. पालिका व पंचायत यांना एकाच मंडळात बसविणारी ही तरतूद महत्त्वाची आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये अधिनियम केला. योजना तयार करण्याचे प्रत्यक्ष काम मात्र प्राधिकरणाकडेच राहिले.

पुनर्विचार : जनगणनेचे आकडे या इतिहासाची दिशा दाखवितात. मुंबई बेटाची लोकसंख्या २००१ मधील सु. ३३ लाखांवरून २०११ मध्ये सु. ३१ लाखांपर्यंत उतरली, तर तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सु. ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. म्हणजे वाढीचे केंद्र आता जुन्या नगराबाहेर आहे. भिवंडीतील गोदामे, कल्याण-शीळ मार्गावरील गृहसंकुले, पनवेलभोवतालची गावे यांना नगर म्हणावे की ग्राम, हे सांगणे अवघड होते. आग्नेय आशियातील अशाच मिश्र प्रदेशांसाठी भूगोलज्ञ टेरी मगी यांनी ग्राम व नगर यांच्या इंडोनेशियन शब्दांपासून ‘देसाकोटा’ ही संज्ञा रूढ केली. नगर मध्यभागी आणि ग्रामीण प्रदेश कडेला, हे जुने चित्र अशा ठिकाणी लागू पडत नाही.

यावरून नगर-प्रदेश नियोजनाच्या फेरमांडणीची काही सूत्रे निष्पन्न होतात. नियोजनाचे एकक ठरविताना पालिकेच्या हद्दीइतकेच नदीखोऱ्यालाही महत्त्व द्यावे लागते. पूरक्षेत्रे, खारफुटी, डोंगरउतार व बागायत यांची आखणी वसाहतींच्या आधी व्हावी लागते. नवी वस्ती आणि तिची सार्वजनिक वाहतूक एकाच वेळी उभी राहिली नाही, तर रोजगार जुन्याच ठिकाणी साचतो, हे नवी मुंबईच्या अनुभवाने दाखविले आहे. जेथून पाणी घेतले जाते त्या गावांची तहान प्रथम भागविणे, हा प्रादेशिक योजनेचा भाग ठरतो. गावठाणांना स्वतःची वाढ असते आणि तेथील लोकांना आपल्या प्रदेशाविषयीचे ज्ञान असते, हे मान्य केल्यास पाहणीचे काम ग्रामसभेपासून सुरू होऊ शकते.

नियोजनाचा नकाशा बेटापासून उपनगरांकडे, तेथून खाडीपार आणि अखेरीस सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकत गेला. दर वेळी क्षेत्र विस्तारले, तरी प्रदेशाकडे पाहण्याचे ठिकाण नगरच राहिले. गेडीस यांनी प्रदेशाची पाहणी डोंगरमाथ्यापासून सुरू करण्यास सांगितले होते. त्या बाजूने पाहता तानसा व भातसा ही मुंबईच्या पाण्याची उगमस्थाने असण्यापूर्वी तेथील गावांच्या नद्या आहेत. नकाशाच्या दोन्ही टोकांवरील लोकांना योजनेत सारखे स्थान मिळेल, तेव्हाच नगर-प्रदेश ही संज्ञा सार्थ ठरेल.